पृष्ठभागावरच्या आकड्यामागे

सेप्सिसच्या रुग्णाच्या मोनोसाइटवर एचएलए-डीआर (प्रतिजन दाखवणारा एमएचसी वर्ग-२ रेणू) उतरलेले दिसले, की निर्मिती घटली असे आपण धरून चालतो. ते अर्धेच खरे आहे. वर्ग-२ ची जनुके चालू करणारे सीआयआयटीए मंदावल्याने निर्मिती घटते; पण बनलेले प्रथिन पृष्ठभागावरून किती वेगाने उचलले जाते, यावरही तो आकडा ठरतो. ही उचल मुख्यतः मार्चएफ१ जनुकाच्या हाती आहे.

चौथ्या गुणसूत्रावरचे हे जनुक पेशीपटलात बसणारे युबिक्विटिन लायगेज घडवते. एमएचसी वर्ग-२ च्या बीटा साखळीची छोटी शेपटी पेशीच्या आत असते आणि तिच्यावर एक लायसिन. त्यावर युबिक्विटिन चढले की रेणू पृष्ठभागावर परतण्याऐवजी लायसोसोमकडे जातो. सीडी८६ चेही तेच होते. डेंड्रायटिक पेशी पक्व होताना मार्चएफ१ घटते, म्हणून प्रतिजन दाखवणारे रेणू बाहेर टिकतात. मोनोसाइटमध्ये इंटरल्युकिन-१० ते वाढवते, आणि सेप्सिसमध्ये इंटरल्युकिन-१० चढलेलेच असते. मार्च लायगेजांच्या या कुटुंबाचा माग लागला तो कापोसी सार्कोमाच्या विषाणूमुळे: त्याची के३ आणि के५ प्रथिने हीच युक्ती वापरून एमएचसी वर्ग-१ लपवतात.

युबिक्विटिनने पृष्ठभागावरचे रेणू उचलण्याचा हा विषय आता आपल्या दाराशी आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या नेक्सकार१९ या कार-टी पेशी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. टाटा मेमोरियलचे अ‍ॅक्ट्रेक हे संशोधन केंद्र खारघरलाच आहे. प्रतिजन भेटल्यावर या पेशींवरच्या कार-ग्राहकावरही युबिक्विटिन चढते. त्याच्या आतल्या भागातील लायसिन बदलले, तर तो पृष्ठभागावर परततो आणि कार-टी पेशी अधिक टिकतात, असे २०२० मध्ये प्रयोगांत दिसले.

सेप्सिसच्या चाचणीत आपल्या हातात आहे तो नमुना. नळीतल्या पेशी जिवंत असतात, त्यांची ने-आण चालू राहते. खोलीच्या तापमानात ठेवलेल्या रक्तात मोनोसाइटवरचे एचएलए-डीआर काही तासांत वाढते आणि खरोखर प्रतिकारशक्ती खचलेला रुग्ण ठीक वाटू लागतो. आपल्या द्रोणागिरीत घेतलेली ईडीटीए नळी अटल सेतूवरून परळला जावो किंवा कंटेनरच्या रांगांतून खारघरला, ती ४ अंश सेल्सिअसला ठेवून शक्य तितक्या लवकर रंगवलीच पाहिजे. टक्केवारीऐवजी प्रति पेशी बांधल्या गेलेल्या प्रतिपिंडांची संख्या द्या. ८,००० च्या खालचा आकडा अनेक चाचण्यांत उपचाराचा निकष ठरला आहे. शक्य असेल तिथे पेशी सच्छिद्र करून आतले एचएलए-डीआरही मोजा. आणि मागणीपत्रावर तीन रकाने छापून घ्या: रक्त घेतल्याची, थंडाव्यात ठेवल्याची आणि रंगवल्याची वेळ.