तुरीचा भाव यंत्राला का सांगता येत नाही?

१/१४
लातूरच्या बाजारात तूर येते, तेव्हा तिच्याबरोबर एक जुना प्रश्नही येतो: आज विकावी की ठेवावी? याचे उत्तर आता ‘एआय’ देईल, असे सांगणारे विक्रेते मराठवाड्यात पोहोचले आहेत. डीप लर्निंगचा इतिहास आणि तुरीचा इतिहास शेजारी ठेवले, की या दाव्यात दाणा किती आणि भुसा किती, हे कळते.

२/१४
जुलै १९५८. फ्रँक रोझेनब्लॅट यांच्या ‘पर्सेप्ट्रॉन’चे अमेरिकी नौदलाने प्रात्यक्षिक घडवले. हे यंत्र पुढे चालेल, बोलेल, पाहील, लिहील आणि त्याला स्वतःच्या अस्तित्वाची जाणीवही असेल, असे भाकीत वृत्तपत्रांत छापून आले. प्रत्यक्षात ते डावी खूण आणि उजवी खूण यांतला फरक ओळखायला शिकले होते. तेव्हा लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातील एक तालुका होता.

३/१४
१९६९ मध्ये मिन्स्की आणि पॅपर्ट यांनी या यंत्राच्या मर्यादा गणिताने दाखवल्या. १९७३ च्या लाइटहिल अहवालानंतर ब्रिटनमध्ये या क्षेत्राचा निधी आटला. गाजावाजा, निराशा, पुन्हा गाजावाजा: हे चक्र आजच्या बहुतेक विक्रेत्यांच्या जन्मापूर्वीचे आहे.

४/१४
२०१२ मध्ये खरा बदल झाला. सुमारे १२ लाख नावे दिलेली छायाचित्रे आणि खेळांसाठी बनवलेल्या ग्राफिक्स चिप यांच्या बळावर बहुस्तरीय जाळ्याने चित्रे ओळखण्यात मोठी झेप घेतली. पण २०१६ मध्ये जेफ्री हिंटन यांनी नवे रेडिओलॉजिस्ट घडवणे थांबवावे, असा सल्ला दिला. रेडिओलॉजिस्ट आजही हवेच आहेत. पुढे नोबेल मिळवणाऱ्या शास्त्रज्ञालाही झेप आणि भाकीत यांतले अंतर मोजता आले नाही.

५/१४
आता नांदेडकडे. येथील कापूस संशोधन केंद्राने दिलेला ‘एनएचएच ४४’ हा संकरित वाण एके काळी कोरडवाहू शेतकऱ्याचा आधार होता. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि बोंडअळीचा प्रश्न संपला, असे मानले गेले. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने तो समज मराठवाडा-विदर्भाच्या शिवारांत मोडून काढला.

६/१४
त्यानंतर कामगंध सापळे लागले. सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात रोज आठ ते दहा पतंग सापडले, तर फवारणी करायची. मोजणीच चुकली, तर फवारणी वाया जाते किंवा पीक हातचे जाते. वाधवानी एआय संस्थेचे ‘कॉटनएस’ हे अॅप सापळ्यातील पतंगांचे छायाचित्र पाहून ही मोजणी करते. काम लहान आहे, पण खरे आहे.

७/१४
दुसरे उदाहरण डाळमिलचे. ‘सॉर्टेक्स’ हे मुळात एका ब्रिटिश कंपनीचे नाव. आज बाजारात ‘सॉर्टेक्स डाळ’ हा दर्जाच झाला आहे. घरंगळत येणारा दाणा कॅमेरा पाहतो आणि डागी दाण्याला हवेचा झोत बाजूला उडवतो. नव्या यंत्रांत ही नजर डीप लर्निंगने घडवलेली असते. ती चुकते का, हे पाहायला बाजूला पडलेल्या दाण्यांचे पोते उघडले की पुरे.

८/१४
पतंग आणि डाळ यांत दोन गोष्टी समान आहेत. नमुने हजारोंनी मिळतात आणि नियम बदलत नाही: आजचा डागी दाणा उद्याही डागीच असतो. भावाचे तसे नाही. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली. त्या भावाकडे पाहून पुढच्या हंगामात तुरीचा पेरा वाढला, पाऊसही चांगला झाला.

९/१४
२०१६-१७ मध्ये देशातील तुरीचे उत्पादन सुमारे २५ लाख टनांवरून ४८ लाख टनांपुढे गेले. हमीभाव ५,०५० रुपये होता. बाजारभाव त्याच्या खाली कोसळला. खरेदी केंद्रांपुढे रांगा लागल्या आणि बारदाना संपला. गेल्या वर्षीच्या भावावर पोसलेल्या कोणत्या यंत्राला बारदाना संपणार हे ठाऊक असते?

१०/१४
सोयाबीनचे २०२१ आठवावे. उन्हाळ्यानंतर भाव क्विंटलला १०,००० रुपयांवर गेला. ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली. त्यात नव्या पिकाची आवक सुरू झाली आणि भाव जवळपास निम्म्यावर आला. डिसेंबरमध्ये ‘सेबी’ने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले.

११/१४
यावर विक्रेते म्हणतात, दररोजच्या भावाची आकडेवारी भरपूर आहे. दिवस भरपूर आहेत, हंगाम नाहीत. तीस वर्षांच्या नोंदी म्हणजे तुरीचे तीसच हंगाम, आणि त्यांतल्या अनेकांचे नियम दिल्लीत मध्येच बदललेले. १२ लाख छायाचित्रांवर शिकणारी पद्धत तीस हंगामांवर शहाणी होत नाही. ती फक्त आत्मविश्वासाने बोलू लागते.

१२/१४
हवामानाचे उलट आहे. तेथे दशकांच्या, जगभरच्या, तासातासाच्या नोंदी आहेत आणि ढग अधिसूचना वाचत नाहीत. म्हणूनच २०२५ च्या खरिपात केंद्राने १३ राज्यांतील सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना एआयवर आधारित मॉन्सूनचे अंदाज पाठवले, ते योग्यच झाले. पण स्थानिक पिकाला धरून सल्ला देणारी, २०१८ पासून उभारलेली सुमारे २०० जिल्हा कृषी-हवामान केंद्रे २०२४ मध्ये बंद करण्यात आली. अंदाज सुधारला आणि तो समजावणारा माणूस गेला, याला प्रगती म्हणायचे कसे?

१३/१४
खरा धोका पीकविम्यात आहे. २०२३ मध्ये सुरू झालेली ‘यस-टेक’ पद्धत उपग्रहाधारित अंदाजाला किमान ३० टक्के भार देते. २०२४ मध्ये तिच्यात सोयाबीन आले. पीककापणी प्रयोग गावाच्या डोळ्यांदेखत होतो. तेथे हरकत घेता येते. प्रारूपाशी वाद घालायला शेतकऱ्याने कोणत्या कार्यालयात जावे? डाळमिलवाल्याला पोते उघडून चूक पाहता येते. तोच अधिकार शेतकऱ्याला का नसावा?

१४/१४
जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ५०० कोटींच्या महाअॅग्री-एआय धोरणाला मंजुरी दिली. यातील प्रत्येक रुपया देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले जावेत: नमुने पुरेसे आहेत का? नियम स्थिर आहे का? चूक कोण तपासणार? आणि भावाचा अंदाज विकणाऱ्या प्रत्येकाने मागील हंगामाचे आपले अंदाज लातूरच्या प्रत्यक्ष भावांशेजारी जाहीर लावावेत. बाजारात माल मापून घेण्याची रीत आहे. अंदाजही मापूनच घ्यावा.