गाडी आपली, फाटक वनखात्याचे

सोयाबीनची रास घरात आली, हरभरा पेरून झाला आणि तूर काढायला अजून अवकाश आहे, असे थोडे मोकळे दिवस वर्षातून एकदाच वाट्याला येतात. याच दिवसांत घरोघरी विषय निघतो की, यंदा सगळ्यांनी मिळून कुठे तरी जाऊन येऊ. म्हातारी माणसे माहूरचे नाव काढतात, पोरे म्हणतात वाघ बघायचा, आणि घरधनी मनातल्या मनात गाडीचे भाडे मोजू लागतो. यंदा तुमच्या घरी ताडोबाचा बेत शिजत असेल, तर आधी चार गोष्टी वाचून घ्या.

चाकावर घर घेऊन निघणे आपल्याला नवे नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला जुनी माणसे बैलगाडीवर तट्ट्या बांधून, खाली कडबा अंथरून, शिधा, तवा आणि घागर घेऊन निघत. रात्र पडेल तिथे तीन दगडांची चूल मांडली की घर झाले. अमेरिकेत हेच मोठ्या थाटात चालते. बिछाना, शेगडी, मोरी सगळे आत असलेली मोटार घेऊन तिथली कुटुंबे राष्ट्रीय उद्याने पाहायला जातात. यलोस्टोन हे जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान 1872 साली झाले. आज तिथे वर्षाला लाखो माणसे लोटतात. गर्दी इतकी वाढली की, गेल्या काही वर्षांत तिथल्या काही उद्यानांनी हंगामात प्रवेशाची वेळसुद्धा आगाऊ राखून ठेवायला लावली.

आपल्याकडेही आता तीच गत आहे. ताडोबा हे महाराष्ट्रातले पहिले राष्ट्रीय उद्यान, 1955 सालचे. पुढे 1986 मध्ये शेजारचे अंधारी अभयारण्य झाले आणि दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. आतले गाभ्याचे जंगल सुमारे 625 चौरस किलोमीटर. पण जत्रेत आणि जंगलात मोठा फरक आहे. जत्रेत दहा माणसे वाढली तर रांग लांबते, एवढेच. जंगलात प्रत्येक फाटकातून सकाळी किती गाड्या आणि दुपारी किती, हे ठरलेले असते. तो आकडा भरला की भरला. मग तुम्ही लातूरहून आलात की लंडनहून, कोणी विचारत नाही.

म्हणून सांगणे एकच. बेत घरापासून फाटकाकडे आखू नका, फाटकापासून घराकडे आखा. आधी आतल्या फेरीची जागा पक्की करा, मग मुक्काम, मग भाड्याची गाडी आणि शेवटी सुट्टी. आपल्याकडे नेमके उलटे होते. गाडी ठरते, पाव्हणे गोळा होतात, दशम्या बांधल्या जातात आणि तिकिटाची आठवण चंद्रपुरात होते. याला वरातीमागून घोडे म्हणतात.

आरक्षण ऑनलाइन होते. घरातल्या शिकल्या पोराला बसवा, पण ते वनविभागाच्या अधिकृत ठिकाणावरूनच करा. ‘मी आतून जागा काढून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती पैसे देऊ नका. आरक्षणात ज्याचे नाव आणि ओळखपत्र घातले, त्याने तेच ओळखपत्र बरोबर ठेवायचे. ऐनवेळी मामाच्या जागी मेहुणा बसवता येत नाही.

दुसरी गोष्ट हिशेबाची. तुमची क्रूझर असो की टेम्पो ट्रॅव्हलर, ती फाटकाबाहेरच उभी राहते. आत जायचे ते तिथल्या जिप्सीतून, आणि एका जिप्सीत पाहुणे बसतात सहा. सोबत चालक आणि वाटाड्या. म्हणजे बारा माणसांचे कुटुंब नेले तर एका फेरीला दोन जिप्सी लागल्या. हा खर्च गाडीभाड्याइतकाच ठळक लिहून ठेवा. अंथरूण पाहून पाय पसरायचे तर सगळ्यांनी दोन्ही फेऱ्या करायलाच हव्यात असे नाही. फेरी तीन-चार तासांची असते, रस्ता कच्चा, आणि मध्ये मनाला येईल तिथे उतरता येत नाही. ज्यांची कंबर धरते किंवा ज्यांना वरचेवर उतरावे लागते, त्यांना आधीच विचारा. त्यांनी मुक्कामी थांबणे हा अपमान नव्हे.

तिसरी गोष्ट दिवसांची. ताडोबा मंगळवारी बंद असते, हे विसरून सोमवारी घर सोडणारे बरेच. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर गाभ्याचे जंगल बंद. दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि शनिवार-रविवार या दिवशी मुंबई-पुण्या-नागपूरची गर्दी उसळते. शहरातल्या माणसाला रविवारच मिळतो. आपल्याला बुधवार-गुरुवार काढता येतो, ही शेतकऱ्याची एक श्रीमंती आहे. तिचा फायदा घ्या. मुलांची दोन दिवस शाळा बुडते खरी, पण गुरुजींना सांगून न्या आणि आल्यावर जंगलावर पानभर लिहून घ्या. डिसेंबरची पहाट उघड्या जिप्सीत हाडे गोठवते. कानटोपी, शाल, कांबळे घ्या. एप्रिल-मे मध्ये पाणवठ्यावर जनावर दिसायचा संभव अधिक, पण चंद्रपूरचे ऊन लहान पोरांना आणि म्हाताऱ्यांना सोसत नाही.

ताडोबात जागा नसेल तर हिरमुसू नका. वाटेवरच यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ टिपेश्वर अभयारण्य आहे, सुमारे 148 चौरस किलोमीटरचे. तिथलाच एक तरुण वाघ 2019 साली निघाला तो आदिलाबाद, नांदेड, हिंगोलीच्या शिवारांतून 1300 किलोमीटरहून अधिक चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यातल्या रेडिओ पट्ट्यामुळे हे कळले. 2024 च्या अखेरीस टिपेश्वरचाच आणखी एक वाघ थेट येडशीच्या रामलिंग अभयारण्यात कॅमेऱ्यात सापडला. जो वाघ पाहायला आपण निघतो, तो कधी आपल्या बांधावरून गेलेला असतो! टिपेश्वरचाही आठवड्याचा सुट्टीचा वार आणि आरक्षण आधी पाहून घ्या.

लातूरकरांनी अहमदपूर, लोहा करून नांदेड गाठावे. पुढे भोकर, किनवट, माहूर. पहिला मुक्काम माहूरला केला तर रेणुकामातेचे दर्शन होते, म्हातारी माणसे तृप्त होतात आणि चालकालाही झोप मिळते. मात्र नवरात्र आणि दत्तजयंतीचे दिवस टाळा, नाही तर एका गर्दीतून सुटून दुसरीत पडाल. रात्रीचा प्रवास नको. आणि मालवाहू पिकअपमध्ये माणसे भरून नेणे तर नकोच. चार पैसे वाचतील, पण ते वाहन माणसांसाठी नाही आणि कायद्यालाही ते मान्य नाही.

शिदोरीत धपाटे, दशम्या, कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, लाडू घ्या. दोन दिवस निघतात. घरचा गॅस सिलिंडर प्रवासी गाडीत घालू नका आणि जंगलाच्या कडेला चूल पेटवू नका. मोबाइल आत नेऊ देत नाहीत, म्हणून रुसू नका. डोळ्यांनी पाहा.

आता शेवटची आणि सगळ्यात मोठी गोष्ट. दुभती म्हैस, रात्रीच्या विजेवर हरभऱ्याला द्यायचे पाणी, राखण, हे सगळे कोणाच्या भरवशावर? बहुतेक घरांत याचे उत्तर न बोलताच ठरलेले असते: थोरली सून राहील. आणि बरोबर आलेल्या बायका काय करतात? घरी चूल होती, तिथे मुक्कामी चूल. पुरुष वाघ बघून येतात, त्या पिठले-भात करून ठेवतात. असे होणार असेल तर त्याला कुटुंबाची सहल म्हणू नये.

शेजाऱ्याशी सावड करा. यंदा त्याने तुमची गुरे बघावी, पुढच्या साली तुम्ही त्याची. घरातलेच कोणी मागे राहणार असेल तर दर वर्षी तेच माणूस राहू नये. पुढच्या खेपेला पहिली जागा त्याची. निदान एका वेळचे जेवण खानावळीत घ्या आणि जिप्सीतली पुढची जागा कारभारणीला द्या. वाघ दिसणे कोणाच्याच हाती नाही. दिसला नाही तरी सांबर, रानगवे, मोर, ताडोबाचे तळे आणि सागाचे बन आहेच. घरातले कोण जाणार आणि कोण राहणार, हे मात्र आपल्या हाती आहे. तिकिटाच्या आधी तेवढे एकदा सगळ्यांना बसवून ठरवा.