सराफाची खूण आणि सत्तरातले गुण

जुन्या चांदीच्या नाण्यांच्या बाजारात हल्ली पहिला प्रश्न येतो तो 'गुण किती?' हा. नाणं कुणाचं, कुठल्या टांकसाळीचं, त्यावर सन दिसतो की नाही, हे सगळं नंतर. आधी बघायचा तो प्लास्टिकच्या सीलबंद डबीवरचा सत्तरपैकी आकडा. ६२ असला तर एक भाव, ६४ असला तर दुसरा, आणि दोन्हींमधला फरक पुष्कळदा नाण्यातल्या चांदीच्या किमतीहून मोठा.

राणीछाप आणि राजाछाप रुपयांपुरतं बोलायचं तर या आकड्याला अर्थ आहे. १८६२ नंतरचा व्हिक्टोरियाचा रुपया यंत्रावर पाडलेला आहे. वजन तोळाभर, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. टांकसाळीतून निघताना सगळी नाणी सारखीच असल्यामुळे पुढे कोणतं किती झिजलं, हे ताडून बघता येतं. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा बारकासा हत्ती भिंगाखाली धरा. सोंड, पाय, पाठ वेगवेगळी दिसली तर नाणं फारसं हाताळलेलं नाही, नुसता फुगवटा उरला असेल तर ते बरेच खिसे फिरून आलेलं आहे. मात्र साल १९११ असेल तर जपून. त्या वर्षीच्या साच्यातला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोभाटा झाला आणि पुढच्या वर्षी साचा बदलावा लागला. त्या रुपयातला हत्ती कोऱ्या करकरीत नाण्यातही धड हत्ती वाटत नाही.

दुसरी खूण झळाळीची. न वापरलेलं नाणं दिव्याखाली तिरकं धरून फिरवलं की उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा त्याच्यावरून फिरतो. ठोका बसताना चांदी कडेकडे सरकते, त्या सरकण्याच्या सूक्ष्म रेघांवरचा तो खेळ असतो. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी चिंच आणि रांगोळी लावून घासलेला रुपयाही चमकतो, पण त्याची चमक जागची हलत नाही. भिंगात एकाच दिशेचे ओरखडे दिसतात, अक्षरांच्या कुशीत पांढरी पूड अडकलेली असते. अशा नाण्याला श्रेणी देणाऱ्या कंपन्या आकडा नाकारतात आणि डबीवर 'डिटेल्स' एवढाच शेरा मारतात. ते योग्यच आहे. घासून गेलेला पृष्ठभाग पुन्हा येत नाही.

बिनसतं ते हीच पट्टी मराठ्यांच्या रुपयाला लावली की.

मुळात ही पट्टी अमेरिकन तांब्याच्या सेंटसाठी बनली. विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने ती १९४९ साली मांडली. अगदी गुळगुळीत झालेल्या सेंटला एक डॉलर मिळत असेल तर उत्तम सेंटला सत्तर, असा तेव्हाचा बाजारभाव धरून त्याने एक ते सत्तर गुण आखले. माणसांच्या देहाचेही त्याने असेच वर्ग पाडले होते, आणि तो वाद वेगळा. न्यूयॉर्कच्या नाणेसंस्थेच्या संग्रहातले चांगले सेंट उचलून त्या जागी याने आपले हलके सेंट ठेवले होते, हे तो गेल्यावर उघड झालं. प्रत ओळखण्याची नजर त्याच्याकडे होती, यात मात्र शंका नको.

आता पेशवाईतला अंकुशी रुपया हातात घ्या. जाडसर, आखूड, कडेला वेडावाकडा. चांदीचा गोळा वजनाला बरोबर करून, चेपून, दोन साच्यांमध्ये ठेवून वर हातोडा हाणलेला. साचा नाण्याहून मोठा, त्यामुळे सगळा मजकूर एका नाण्यावर कधीच मावत नाही. एकीकडे शाह आलम बादशहाच्या नावातली दोन-चार फार्सी अक्षरं, दुसरीकडे 'जुलूस' (राज्यारोहण) या शब्दाचा तुकडा, आणि नशीब असेल तर अंकुश पुरा. चांदवडच्या रुपयावर 'जाफराबाद उर्फ चांदोर' यातलं एखादं अक्षर सापडलं तरी अभ्यासक खूश होतो. इथे नाण्याची किंमत ठरते ती कोणता भाग उमटला यावर. टांकसाळीचं नाव, सन आणि चिन्ह दाखवणारा थोडा झिजलेला रुपया हा तिन्ही गोष्टी कडेबाहेर गेलेल्या लखलखीत रुपयाहून केव्हाही वरचा. महेश्वरी आणि विगिन्स यांनी १९८९च्या आपल्या ग्रंथात मराठ्यांच्या टांकसाळी लावल्या त्या अशाच चिन्हांच्या आणि अक्षरांच्या आधारावर. सत्तरातले गुण यातलं काहीच सांगत नाहीत. ते झीज मोजतात, आणि हातोड्याचा ठोका हलका बसल्यामुळे सपाट राहिलेली जागा अननुभवी डोळ्याला झीजच वाटते.

खरी गंमत सराफी खुणांची आहे. या रुपयांवर तोंडावर, पाठीवर, कधी कडेला बारीक ठसे असतात : फूल, चांदणी, अर्धचंद्र, नुसता टोचा. देशभर टांकसाळी अनेक, काही मक्त्याने दिलेल्या, चांदीचा कस प्रत्येकीचा निराळा. वर चांदीचा पत्रा आणि आत तांबं, असेही रुपये फिरत. म्हणून सराफ नाणं वाजवून बघे, तोली, शंका आली तर टोचून आतला रंग बघे आणि मग बट्टा ठरवी. ठसा म्हणजे हा रुपया मी तपासला, याची त्याची सही. एखाद्या रुपयावर अशा चार-पाच सह्या असतात, म्हणजे तो तितक्या पेढ्यांवर पास होऊन पुढे गेलेला. आजच्या श्रेणीवाल्याचं काम त्या काळी तोच करत होता, आणि निकाल डबीवर न चिकटवता थेट चांदीत ठोकत होता. त्याच निकालाला आज पुष्कळदा 'इजा' ठरवून रुपयाचे गुण कापले जातात.

यावर तोडगा नाही असं नाही. पूर्वेकडच्या व्यापारात गेलेल्या अमेरिकन ट्रेड डॉलरवर चिनी सराफांनी असेच ठसे मारले आहेत. त्या डॉलरांचा पीसीजीएस या कंपनीने वेगळा वर्ग केला आणि ठशांसकट त्यांना पूर्ण आकडी श्रेणी देऊ केली. डॉलर त्यांचा, त्याचे गिऱ्हाईक त्यांचे, म्हणून ते झालं. अंकुशी रुपयासाठी तिथे कोण भांडणार? शिवाय शंभर वर्षांवरची नाणी १९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत, तेव्हा आपल्या रुपयाची पारख आपल्यालाच इथे करायची आहे. पट्टी मात्र उसनी घेऊन बसलो आहोत.

मुंबई-पुण्यात नाण्यांचे लिलाव होतात, छापील सूच्या निघतात. त्या सूच्यांत मराठा रुपयापुढे 'व्हेरी फाइन' एवढंच लिहून भागवू नये. वजन ग्रॅममध्ये द्यावं. मजकुरातलं काय दिसतं, काय कडेबाहेर गेलं, चिन्ह पुरं आहे का, घासलंय का, हे दोन ओळींत सांगावं. सराफी खुणा किती आणि कुठे, हे 'दोष' या रकान्यात न टाकता वर्णनात यावं. एवढं लिहायला जाणकार माणूस बसवावा लागेल आणि खर्च वाढेल, ही व्यापाऱ्यांची तक्रार खरी आहे. पण एका आकड्याच्या फरकावर जे दहापट भाव मागतात, त्यांना हा खर्च परवडत नाही, हे गळी उतरणं कठीण आहे.