औषध शोधायचे कोणत्या नावाने?

भारतातून आई-बाबा येतात तेव्हा सोबत सहा महिन्यांची औषधे असतात. शंका आली की आपण गोळीचे तिकडचे नाव इंटरनेटवर टाकतो; समोर येतात ती बहुधा औषधविक्रेत्यांची पाने! मी स्वतः सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण इथे कौशल्य संगणकाचे नव्हेच, वेष्टन वाचण्याचे आहे. त्यावर बारीक अक्षरांत असलेले मूळ द्रव्याचे नाव शोधावे.

क्रोसिनमधले पॅरासिटामॉल म्हणजेच इथल्या टायलेनॉलमधले अ‍ॅसिटामिनोफेन. हे ठाऊक नसले, की तापात क्रोसिन घेतलेल्या आजोबांना वर टायलेनॉलही दिले जाते. सर्दीच्या नायक्विलमध्येही तेच. डोस असा वाढत गेला तर यकृतावर बेतते. कॉम्बिफ्लॅममध्ये सोबत आयबुप्रोफेनही असते, म्हणजे अ‍ॅडव्हिलचाही हिशेब आला.

द्रव्याच्या नावाला ‘मेडलाइनप्लस’ हा शब्द जोडून शोधा. सरकारी वैद्यकीय ग्रंथालयाचे, १९९८ पासूनचे हे संकेतस्थळ जाहिराती घेत नाही. माझा तरी पहिला विश्वास त्यावरच.

गोळ्या जास्त गेल्या असतील तर मात्र शोधत बसू नये. विषबाधा केंद्राचा फोन चोवीस तास, विनामूल्य आहे : १-८००-२२२-१२२२.