छप्पर कोणाच्या मालाला?

मोझांबिक किंवा टांझानियातली तूर न्हावा शेवा बंदरात उतरते तेव्हा तिच्यासाठी छप्पर सिद्ध असते. तेथून सुमारे हजार किलोमीटर पूर्वेला, गोंदिया जिल्ह्यातील देवरी-सालेकसा भागात, शेतकऱ्याने आधारभूत केंद्रावर आणून टाकलेले धान मात्र अनेक हंगामांत ताडपत्रीखाली उघड्यावर पडून राहते. अवकाळी पाऊस आला की पोती भिजतात, धानाला कोंब फुटतात, आणि नुकसान कोणाच्या खाती टाकायचे याचा वाद आदिवासी विकास महामंडळ, खरेदी करणाऱ्या सहकारी संस्था आणि भरडाई करणारे गिरणीवाले यांच्यात सुरू होतो. दोन्हीही अन्नच, पण एकाला कायद्याने आसरा दिला आहे, दुसऱ्याला केवळ आश्वासन.

आयात मालाच्या या आसऱ्याचे स्वरूप कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. सीमाशुल्क कायदा, 1962 नुसार आयातदार आपला माल शुल्क न भरता परवानाधारक बंधित गोदामात ठेवू शकतो. गोदाम त्याचे स्वतःचेच असावे असे नाही. भाडे घेऊन कोणाचाही माल ठेवणारी सार्वजनिक बंधित गोदामे याच कायद्याच्या कलम 57 खाली चालतात. माल सर्वसाधारणपणे एक वर्ष तेथे राहू शकतो, मुदत वाढवूनही मिळते. शुल्क भरायचे ते माल बाहेर काढताना. आणि त्यावर व्याज लागते तेही पहिल्या 90 दिवसांनंतर. पूर्वी अशा गोदामांवर सीमाशुल्क अधिकाऱ्याचा प्रत्यक्ष ताबा असे. 2016 च्या दुरुस्तीने सर्वसाधारण गोदामांवरचा तो पहारा उठला आणि कागदोपत्री नोंदींवर विश्वास ठेवण्याचे धोरण आले.

यंत्रसामग्री किंवा कच्चा माल आणणाऱ्या कारखानदाराला या व्यवस्थेचा उपयोग होतो, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न डाळीचा आहे. मार्च 2023 मध्ये अख्ख्या तुरीवरचे आयात शुल्क उठले. शुल्कच शून्य, तेव्हा त्यावरचे व्याजही शून्य! म्हणजे अशी तूर बंधित गोदामात ठेवणाऱ्याला खर्च येतो तो भाड्याचा आणि अडकलेल्या पैशाचा. भाव वाढत असतील तर तो सहज भरून निघतो. जून 2023 मध्ये केंद्राने तूर-उडदावर साठामर्यादा घातली आणि आयातदाराने 30 दिवसांपेक्षा अधिक काळ साठा धरू नये असे फर्मावले. परंतु हे दिवस मोजायचे ते सीमाशुल्कातून माल सुटल्यापासून. जो माल सोडवूनच घेतला नाही, त्याचे दिवस कोण मोजणार? एप्रिल 2024 मध्ये आयात पिवळ्या वाटाण्यासह डाळींचे साठे दर आठवड्याला जाहीर करण्यास सांगण्याची पाळी सरकारवर आली, यातच सारे आले.

ऑक्टोबर 2015 चा अनुभव जुना झालेला नाही. तूरडाळ किलोला 200 रुपयांपर्यंत गेली, आयातदारांना साठामर्यादेखाली आणावे लागले आणि देशभरच्या छाप्यांत सुमारे 75 हजार टन डाळी सापडल्या. त्यांतील निम्म्याहून अधिक एकट्या महाराष्ट्रात. पुढे 2017 च्या एप्रिलात पीक भरघोस आले, तेव्हा त्याच महाराष्ट्रातले शेतकरी 5,050 रुपयांच्या सरकारी भावासाठी खरेदी केंद्रांवर दिवसेंदिवस रांगेत होते.

गोंदियात तुरीचा पेरा थोडा, म्हणून हा प्रश्न परका ठरत नाही. धान निघाल्यावर बांधीतल्या ओलीवर येणारी लाखोरी, हरभरा, जवस यांवर लहान शेतकऱ्याचा उन्हाळा निघतो. 8 डिसेंबर 2023 रोजी पिवळ्या वाटाण्यावरचे शुल्क उठवले गेले. हा वाटाणा बेसनात हरभऱ्याची जागा घेतो. बंदराजवळच्या गोदामातून तो केव्हा बाहेर काढायचा हे आयातदार ठरवतो. हरभरा केव्हा विकायचा हे शेतकऱ्याच्या बाबतीत सोसायटीच्या कर्जाची तारीख ठरवते.

गोदाम ही मुळात सार्वजनिक संस्था असावी, हा विचार या देशात नवा नाही. गोरवाला समितीने 1954 मध्ये तो मांडला, 1956 मध्ये कायदा झाला आणि 1957 मध्ये केंद्रीय वखार महामंडळ उभे राहिले. शेतकऱ्याने माल वखारीत ठेवावा, पावतीवर कर्ज घ्यावे आणि भाव येईपर्यंत थांबावे, हा त्यामागचा हेतू. महाराष्ट्रात 1990-91 पासून शेतमाल तारण योजना आहे. तीत धानाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज 6 टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळू शकते. योजना चांगलीच आहे. परंतु गोदामच नसेल तर तारण ठेवायचे कोठे? 2008 पासून अन्न महामंडळाने खाजगी उद्योजकांनी बांधलेल्या गोदामांना दहा-दहा वर्षांच्या भाड्याची हमी दिली. गोदाम भरो वा रिकामे राहो, भाडे चालू. भांडवलदाराला रिकाम्या गोदामाचीही हमी देणाऱ्या सरकारकडे देवरीच्या भरलेल्या पोत्यांसाठी पैसा नाही, हे कसे मानावे?

तेव्हा मागण्या स्पष्ट हव्यात. डाळी व खाद्यतेलाच्या बाबतीत साठ्याचे दिवस माल बंदरात उतरल्या दिवसापासून मोजावेत. बंधित गोदामांतील अन्नपदार्थांचे साठे आयातदाराच्या नावानिशी दर आठवड्याला प्रसिद्ध व्हावेत. आणि पुढील खरीप खरेदीपूर्वी गोंदियातील प्रत्येक आधारभूत केंद्राला पक्के गोदाम, ओटा आणि बारदाना मिळावा. ते शक्य नसेल तर भिजलेल्या धानाची तूट संस्थांच्या माथी न मारता शासनाने सोसावी. तालुका शाखांनी आपापल्या केंद्रांवर किती पोती किती दिवस उघड्यावर राहिली याची नोंद आतापासूनच ठेवण्यास सुरुवात करावी.