शब्दाआधीचा प्रयत्न

‘पार’ आणि ‘बार’ हे दोन शब्द वाचकांनी कंठावर बोट ठेवून उच्चारून पाहावेत. दोहोंत ओठ सारखेच मिटतात, सारखेच उघडतात. भेद कंठात आहे. ‘बार’मध्ये ओठ उघडण्यापूर्वी सुमारे एकदशांश सेकंद स्वरतंतू कंप पावू लागतात, ‘पार’मध्ये ओठ उघडल्यावर. लिस्कर व अब्रॅमसन यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या या प्रकारच्या मोजमापांत मराठीचाही समावेश होता. हे काळाचे गणित मेंदू सांभाळतो. स्वरयंत्राकडे जाणारा डावा मज्जातंतू महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेऊन येतो, उजव्याहून लांब पडतो. तरीही दोन्ही स्वरतंतू एकदमच जुळतात.

उदानाच्या कर्मांत वाक्प्रवृत्तीलगतच ‘प्रयत्न’ सांगितला आहे. पाणिनीय शिक्षेतही बुद्धी, मन, कायाग्नी, मारुत आणि मग ध्वनी असा क्रम येतो. (यावरून प्राचीनांना मिलिसेकंद ठाऊक होते असे व्यासपीठावरून सांगणारे मित्र भेटतात. त्यांनी कृपया तसे करू नये. क्रम सांगणे वेगळे, काल मोजणे वेगळे.) परंतु हा क्रम रुग्णासमोर आपण विसरतो, ही माझी तक्रार आहे, आणि ती प्रथम स्वतःविरुद्ध आहे.

काही वर्षांपूर्वी एका सहा वर्षांच्या मुलास ‘गद्गद’ समजून मी सात-आठ महिने वेखंड व मध दिले. जिव्हाजाड्य गृहीतच धरले. वास्तविक त्याचे बोलणे वाक्याच्या मध्यात स्वच्छ असे. अडे ते पहिल्या अक्षरावर, ओठ मिटलेले आणि मानेच्या शिरा ताठ. जीभ जड असती तर ती सर्वत्र जड असती! इतरांबरोबर प्रार्थना म्हणताना तो अडखळत नाही, हे त्याच्या आईने सांगूनही मी त्याचे मर्म ओळखले नाही. बाहेरून ताल मिळाला की त्याचा आरंभ सुटत होता. तोतरेपणा असलेल्यांत स्वर सुरू होण्यास सरासरीने अधिक काळ लागतो, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. अखेर त्याला वाचाउपचारतज्ज्ञाकडे पाठविले. मधले महिने मात्र गेलेच.

तोतरेपणा बहुधा दोन ते पाच या वयात सुरू होतो आणि पुष्कळ मुलांत आपोआप थांबतो. तेव्हा वेखंडाच्या आपल्या यशोगाथाही एकदा तपासून पाहाव्या लागतील.

आपल्या रुग्णपत्रकात ‘वाक्’पुढे केवळ एक रिकामी रेघ असते. तेथे अडखळणे आरंभी की मध्ये, एकट्याने की समूहातही, कधीपासून, एवढे तीन प्रश्न छापावेत. आणि शेजारी जवळच्या वाचाउपचारतज्ज्ञाचा दूरध्वनी क्रमांक लिहिण्यापुरती जागा सोडावी.