ए हिरो, गाडी बाजूला घे!

आपल्याकडे मोबाइलच्या दुकानाचं उद्घाटन असो की दहीहंडी, एक सेलिब्रिटी लागतोच. तो दोन तास उशिरा येणार, फीत कापणार, ‘आय लव्ह पुणे’ म्हणणार आणि सटकणार. संध्याकाळी नाशिकला तेच, फक्त शहराचं नाव बदलायचं! पण मंडळी, हा फंडा फक्त आपलाच आहे असं समजू नका. अमेरिकेतल्या स्टॉक कार रेसिंगमध्ये तो कधीचा सेट आहे.

स्टॉक कार म्हणजे? ‘ता रा रम पम’मध्ये (2007) सैफ पळवतो ना, त्या टाइपची. फॉर्म्युला वनची गाडी बिनपंखाच्या विमानासारखी दिसते. ही दिसते शोरूममधल्या गाडीसारखी. फक्त अंगभर जाहिराती आणि वेग ताशी 300 किलोमीटरच्या आसपास. ट्रॅक बहुतेक लंबगोल. म्हणजे डावीकडे वळा, मग डावीकडे वळा, मग पुन्हा डावीकडे. ‘डेटोना 500’ या सगळ्यात मोठ्या रेसमध्ये अशा 200 फेऱ्या! हे सगळं चालवणारी ‘नॅसकार’ ही संस्था 1948 सालची. सुरुवातीचे काही ड्रायव्हर चक्क हातभट्टीची दारू पोलिसांना चुकवून पोहोचवणारे होते. प्रॅक्टिस एकदम सॉलिड!

रेस सुरू करायला पाहुणा बोलावतात. त्यानं माइकवर ओरडायचं, पूर्वीच्या भाषेत ‘जंटलमन, स्टार्ट युअर इंजिन्स!’ बस्स. चारच शब्द. तरी घोळ होतातच.

2013 चं डेटोना 500 घ्या. डॅनिका पॅट्रिक सगळ्यात पुढून सुटणार होती. या सर्वोच्च मालिकेत पोल पोझिशन मिळवणारी ती पहिली बाई. माइक होता हॉलीवूडच्या जेम्स फ्रँकोच्या हातात. तो गरजला, ‘ड्रायव्हर्स... अँड डॅनिका, स्टार्ट युअर इंजिन्स!’ म्हणजे बाकीचे सगळे ड्रायव्हर आणि डॅनिका ही आपली डॅनिका! आपल्या निमंत्रण पत्रिकेत ‘सर्व मान्यवर आणि वहिनीसाहेब’ असतं, त्यातलाच प्रकार. वहिनी 43 गाड्यांत आठव्या आल्या. त्याच दिवशी रॅपर फिफ्टी सेंटनं, गाड्यांच्या गर्दीत लाइव्ह बोलत चाललेल्या एका टीव्ही रिपोर्टरची पप्पी घ्यायचा प्रयत्न केला. तिनं गाल फिरवला आणि ती पुढे चालू पडली. तिला डॅनिकाला गाठायचं होतं. आमच्या धंद्यात यालाच प्रोफेशनल म्हणतात.

पण पाहुण्यांचा बाप म्हणजे रोनाल्ड रेगन. मूळचा हॉलीवूडचा नट, तेव्हा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. 4 जुलै 1984, डेटोनाची ‘फायरक्रॅकर 400’ रेस. निवडणुकीचं वर्ष, त्यामुळे यायला तर हवंच. रेस सुरू व्हायची वेळ झाली तेव्हा साहेब विमानातच होते. मग काय, एअर फोर्स वनमधून फोन लावला आणि फोनवरूनच इंजिनं सुरू करायला सांगितली. वर्क फ्रॉम होमचे आद्य प्रवर्तक! थोड्या वेळानं विमान शेजारच्याच विमानतळावर उतरलं. पुढे गाडी पळवणारा रिचर्ड पेटी आणि मागे उतरणारं राष्ट्राध्यक्षांचं विमान, हा फोटो आजही फेमस आहे. मग रेगन यांनी रेडिओवर थोडी कॉमेंटरीही केली. तरुणपणी त्यांची नोकरीच ती होती.

खरी धमाल शेवटी झाली. एका गाडीला अपघात झाला, पिवळा झेंडा पडला. तेव्हाच्या नियमानुसार आता रेषा जो आधी ओलांडेल तो पुढे. पेटी आणि केल यारबरो गाड्या एकमेकींना घासत आले आणि पेटी थोडक्यात पुढे निसटला. हा त्याचा 200 वा विजय, आणि शेवटचाही. यारबरोला वाटलं, संपली रेस. गडी एक फेरी आधीच पिटमध्ये घुसला आणि हातातला दुसरा नंबरही घालवून बसला! तो मिळाला हॅरी गँटला. त्याच्या टीमचा एक मालक कोण? सिनेस्टार बर्ट रेनॉल्ड्स. पेटी गाडी सोडून थेट वर रेगनना भेटायला गेला. नंतर राष्ट्राध्यक्ष, ड्रायव्हर आणि त्यांची बायकामुलं अशी पंगत बसली, मेन्यू केएफसीचं चिकन. आणि 1986 मध्ये याच रेगन यांनी ज्युनिअर जॉन्सन या नामांकित ड्रायव्हरला हातभट्टीच्या जुन्या केसमध्ये माफी दिली. चिकन पचलं म्हणायचं!

आता यात मार्टी रॉबिन्स कुठे बसवायचा? ‘एल पासो’ गाण्यामुळे घराघरांत पोहोचलेला कंट्री गायक. हा फीत कापायला यायचा नाही, स्वतः हेल्मेट घालून गाडीत बसायचा. 1970 मध्ये हृदयाची बायपास झाली, तरी पठ्ठ्या पुन्हा ट्रॅकवर! 1972 मध्ये टॅलाडेगाच्या रेसमध्ये तो भल्याभल्यांना मागे टाकत सुटला. सगळे चाट. गायकाला झालंय काय? रेस संपल्यावर आयोजक त्याला उत्तम नवोदिताचं बक्षीस द्यायला निघाले, तर त्यानं ते घेतलंच नाही. वेग कमी ठेवण्यासाठी इंजिनाला नियमानुसार लावलेला अडसर आपण काढून टाकला होता, असं त्यानं स्वतःहून सांगितलं. थोडा वेळ बड्या ड्रायव्हरांच्या पुढे पळायची हौस फेडून घ्यायची होती, एवढंच. निकालात त्याला तळाला टाकलं. एक मिनिट थांबा आणि आठवून बघा, मिळत असलेलं बक्षीस ‘नको, मी चीटिंग केली’ म्हणून परत करणारा स्टार तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?

दोन वर्षांनी, 1974 मध्ये, शार्लटच्या रेसमध्ये गाड्यांचा ढीग लागला. समोर रिचर्ड चिल्ड्रेस या तरुण ड्रायव्हरची गाडी आडवी उभी. मार्टी सरळ गेला असता तर थेट तिच्यावर आदळला असता. त्यानं स्टिअरिंग फिरवलं आणि आपली गाडी भिंतीवर घातली. चेहऱ्यावर टाके पडले. ज्या चेहऱ्यावर स्टेज चालतं, तोच चेहरा! चिल्ड्रेस वाचला. पुढे तो टीमचा मालक झाला आणि डेल अर्नहार्ट या दिग्गजानं आपल्या सात विजेतेपदांपैकी सहा त्याच्याच टीमसाठी जिंकली.

मार्टी 1982 मध्ये गेला. त्याच्या नावावर विजय शून्य. पण या खेळात आलेला सगळ्यात मोठा सेलिब्रिटी कोण, असं कुणी विचारलं तर आपलं मत मार्टीला. बाकीच्यांना चार शब्द होते. त्यातही ‘जंटलमन’ हा शब्द त्यांनी दुसऱ्यांना उद्देशून म्हटला होता.